रमाबाईंचे टाइमटेबल

इंजिनिअरिंगला आल्यावर पहिल्या महिन्यातच कळतं की आपण एका नाही, एकदम पाच-सहा कॉलेजांत अ‍ॅडमिशन घेतलेली आहे! लेक्चर आणि प्रॅक्टिकलचं एक कॉलेज, टेक्निकल क्लबचं दुसरं, एनएसएसचं तिसरं, गॅदरिंगचं चौथं. शिवाय हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींसाठी आणखी एक, ते म्हणजे मुलींची हॉस्टेल कमिटी. हे सगळं सांभाळता सांभाळता जर्नल अपूर्ण राहतं, सबमिशन तोंडावर येतं आणि मग प्रश्न पडतो, यातलं सोडायचं काय? उत्तर दरवर्षी ठरलेलं असतं. सगळ्यात आधी मुलींची कमिटी सुटते. बायोडेटात तिचा उपयोग नाही, तिथे फक्त मेसच्या पोळ्या, गळके नळ आणि संक्रांतीचं हळदी-कुंकू एवढ्यावरच चर्चा होते, असा सर्वांचा समज आहे.

अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या अशा संघटनांना सोरोरिटी म्हणतात. लॅटिन भाषेत सोरोर म्हणजे बहीण. म्हणजे आपल्याकडचं भगिनी मंडळच म्हणा ना! त्यांची नावं ग्रीक अक्षरांची असतात आणि एकदा सभासद झालं की नातं जन्मभराचं. सोरोरिटीत राहून बाकीच्या क्लबांचं, खेळांचं, अभ्यासाचं कसं जमवायचं, हा तिथल्या मुलींचाही नेहमीचा प्रश्न आहे. म्हणजे प्रश्न काही फक्त आपल्या मराठवाड्यातल्या मुलींचा नाही. पण याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला अमेरिकेत नाही, पुण्यात सापडलं. तेही शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या एका बाईंच्या आयुष्यात. त्या म्हणजे रमाबाई रानडे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या शाळेत फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि हेलन केलर यांचे धडे होते. रमाबाई मला ठाऊक होत्या त्या झी मराठीवरच्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे. ती २०१२ साली सुरू झाली आणि आमच्या आजीने तिचा एकही भाग चुकवला नाही. त्या मालिकेतली छोटी रमा सर्वांच्या लक्षात आहे. पण पन्नाशी उलटल्यावर एका वेळी चार-पाच संस्थांचं काम पाहणाऱ्या रमाबाई फार कमी जणांना माहीत असतात. त्याला एक कारणही आहे. रमाबाईंनी लिहिलेलं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली आलं. ते प्रामुख्याने न्यायमूर्ती रानड्यांबरोबरच्या संसाराबद्दल आहे आणि त्यांच्या निधनापाशी थांबतं. रमाबाई मात्र त्यानंतर २३ वर्षे जगल्या, आणि त्यांचं स्वतःचं टाइमटेबल खरं तर तेव्हा सुरू झालं!

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा. गाव देवराष्ट्रे, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. (पुढे यशवंतराव चव्हाण जन्मले तेच हे गाव.) माहेरचं आडनाव कुर्लेकर. त्या घरात मुलींना लिहा-वाचायला शिकवण्याची पद्धत नव्हती. १८७३ साली, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. नवरदेव ३१ वर्षांचे, पुण्यात न्यायखात्यात नोकरीला, पहिली पत्नी नुकतीच वारलेली. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. त्यांनी दुसरं लग्न एखाद्या विधवेशीच करावं, अशी सुधारक मंडळींची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि त्यांच्यावर भरपूर टीका झाली. ती टीका योग्यच होती, असं मला वाटतं. मोठ्या माणसांच्या चरित्रातल्या अशा गोष्टी झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

लग्नानंतर रानड्यांनी स्वतः बायकोला शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी अक्षरं, मग वाचन, हिशेब, आणि पुढे इंग्रजी. दिवसा घरकाम आणि रात्री अभ्यास, असा क्रम. आपण नाइट मारतो ते परीक्षेच्या आदल्या दिवशी. या मुलीने वर्षानुवर्षे नाइट मारली! घरात सासू, नणंद आणि इतर वडीलधाऱ्या बायका होत्या. सुनेने पुरुषासारखं पुस्तक धरून बसावं हे त्यांना अजिबात पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, मुद्दाम कामं काढणं, सगळे प्रकार झाले. पुढे मिस हरफर्ड नावाच्या इंग्रज बाई शिकवायला येऊ लागल्या, तेव्हा त्यांचा विटाळ झाला म्हणून शिकवणीनंतर रमाबाईंना आंघोळ करूनच घरात वावरावं लागे.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रमाबाईंच्या आयुष्यातली पहिली महिला संघटना म्हणजे हे स्वयंपाकघर! तिची मेंबरशिप त्यांनी मागितली नव्हती, पण ती लग्नाबरोबर मिळाली होती. तिथे नियम होते, सिनिअर होत्या, आणि रॅगिंगसुद्धा होतं म्हणायला हरकत नाही. रमाबाईंनी या मंडळाचा राजीनामा कधीच दिला नाही. उलट उत्तर न करता ऐकून घ्यायचं आणि आपला अभ्यास सोडायचा नाही, असा त्यांचा रिवाज होता. नवऱ्याचाही सल्ला तोच होता. आजच्या मुलीला हे पटणार नाही. मलाही पूर्ण पटत नाही. पण रोज भांडून संध्याकाळी अभ्यासाला ताकद उरली असती का, हाही प्रश्न आहेच.

न्यायखात्यातल्या नोकरीमुळे रानड्यांच्या बदल्या होत. १८७८ साली ते नाशिकला गेले. तिथे घरच्या मोठ्या मंडळींचा जाच थोडा लांब राहिला. मुलींच्या शाळेच्या समारंभात रमाबाई पहिल्यांदा लोकांसमोर बोलल्या त्या इथेच. ते भाषण रानड्यांनी लिहून दिलं होतं. आपल्यातल्या किती जणांची पहिली अँकरिंगची स्क्रिप्ट दुसऱ्या कोणी लिहून दिलेली असते! त्यात कमीपणा काहीच नाही. पुढची स्क्रिप्ट आपली आपण लिहिली म्हणजे झालं.

मग १८८२ साल उजाडलं. रमाबाईंचं वय वीस, म्हणजे आज माझं आहे तेवढंच. त्या वर्षी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. वय चोवीस, संस्कृतच्या गाढ्या विद्वान, नवरा वारलेला, कडेवर लहान मुलगी. पुण्यात खळबळ उडाली! पंडिताबाईंनी त्याच वर्षी आर्य महिला समाज काढला. बायकांनी दर आठवड्याला एकत्र जमायचं, ऐकायचं, वाचायचं आणि बोलायचं. रमाबाई रानडे त्यातल्या अगदी पहिल्या सभासदांपैकी. मराठीतल्या सुरुवातीच्या लेखिका काशीबाई कानिटकर याही त्यात होत्या. पुण्याच्या सनातनी मंडळींना ही सभा म्हणजे मोठं संकट वाटलं. घरातल्या बायकांनी तर सरळ विरोध केला.

आता रमाबाईंच्या दोन मेंबरशिप एकमेकींवर आदळल्या. एकीकडे घरातलं बायकांचं मंडळ, दुसरीकडे बाहेरची महिला सभा. एकीचं ऐकलं तर दुसरी रागावणार. रमाबाईंनी दोन्ही धरून ठेवल्या. घरचं काम आटोपून सभेला जायचं, परत येऊन बोलणी खायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एक आठवडा!

बरं, या सभेतून निष्पन्न काय झालं? बायका जमल्या, गप्पा झाल्या, एवढंच? तर नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि तिकडे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढारी गेल्यावर मंडळ बंद पडतं हा आपला नेहमीचा अनुभव. पण सभेत बोलायला शिकलेल्या बायका इथेच होत्या. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं, अशी मागणी तेव्हा जोर धरत होती. मुलींच्या शाळा पुण्याला नव्या नव्हत्या. सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी भिडेवाड्यात १८४८ सालीच शाळा काढून शेणाचे गोळे झेलले होते. पण प्राथमिकच्या पुढे मुलींनी शिकायचं कुठे? या मागणीसाठी हिराबागेत सभा भरली. समोर गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन. आणि मुलींच्या हायस्कूलची मागणी करणारं इंग्रजी निवेदन भर सभेत वाचून दाखवलं ते रमाबाई रानडे यांनी. अकराव्या वर्षापर्यंत जिला अक्षरओळखही नव्हती त्या बाईने! घरी गेल्यावर कौतुक तर सोडाच, सुनेने पुरुषांच्या सभेत इंग्रजी वाचलं म्हणून पुन्हा बोलणी खावी लागली. पण २९ सप्टेंबर १८८४ रोजी पुण्यात मुलींचं हायस्कूल सुरू झालं. तीच आजची हुजूरपागा.

मला रमाबाईंच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच वाटते. बायकांच्या छोट्या सभेने रमाबाईंना मोठ्या सभेपासून अडवलं नाही. उलट मोठ्या सभेत उभं राहायचं धैर्य त्यांनी छोट्या सभेत मिळवलं. आणि नंतर ज्या शाळेचं दार उघडलं, त्यातून पुढच्या हजारो मुली आत गेल्या. त्यातल्या कितीतरी जणींना आर्य महिला समाजाचं नावही माहीत नसेल.

दोन संस्थांचं पटेनासं झालं की काय होतं, हेही रानडे कुटुंबाने जवळून पाहिलं. पंडिता रमाबाई परत आल्यावर १८८९ साली त्यांनी विधवांसाठी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर त्याच्या सल्लागार मंडळावर होते. सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातं, असा आरोप झाला आणि १८९३ साली दोघांनीही सल्लागारपद सोडलं. एखादी संस्था सोडावी लागणं हे काही जगबुडीसारखं नसतं. नावापुरतं चिकटून राहण्यापेक्षा उघडपणे बाहेर पडणं बरं, एवढं त्यातून शिकण्यासारखं आहे.

त्याच वर्षी रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. तिथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब काढला. नाव बघा, सोशल पण आणि लिटररी पण! म्हणजे भेटीगाठी, गप्पा यांना जागा आहे आणि वाचनालाही. गप्पा मारायला आलेली बाई हळूहळू शिवणाच्या वर्गाला बसते, तिथून भाषेच्या वर्गाला, तिथून सामान्य ज्ञानाच्या. हे सगळे वर्ग त्या क्लबात चालत. आपण मुलींच्या कमिटीला गप्पांचा अड्डा म्हणून नाक मुरडतो. रमाबाईंना ठाऊक होतं की अड्डा जमल्याशिवाय वर्ग भरत नाही.

या सगळ्या काळात एक प्रश्न मात्र कोणी विचारलेला दिसत नाही. खुद्द न्यायमूर्ती किती संस्थांत होते? सार्वजनिक सभा, प्रार्थना समाज, वक्तृत्वोत्तेजक सभा, सामाजिक परिषद, पुढे डेक्कन सभा, शिवाय कोर्टाचं काम आणि इतिहासाचं लेखन. एवढं सगळं घर सांभाळून कसं जमवता, असं त्यांना कोणी विचारलं नसणार. कारण घर रमाबाई सांभाळत होत्या! आजही बॉइज हॉस्टेलमधला मुलगा चार क्लबांत असला तर तो ऑलराउंडर ठरतो. मुलगी चार क्लबांत असली तर ती कसं मॅनेज करते याची चौकशी होते, आणि एखादा विषय राहिला की कारण आधीच तयार असतं. तेव्हा बॅलन्स हा शब्द मुलींच्याच वाट्याला का येतो, याचा विचार स्टाफनेही करावा ही विनंती.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती वारले. रमाबाईंना ३९ वर्षे पूर्ण व्हायला काही दिवसच बाकी होते. त्या पुण्याला आपल्या वाड्यात परत आल्या आणि सुमारे वर्षभर त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतलं. त्या काळी विधवेचं आयुष्य तिथेच संपायचं. रमाबाईंचं तिथून नव्याने सुरू झालं.

पुण्यातल्या तुरुंगात बायकांच्या विभागाला त्या दर आठवड्याला भेट देऊ लागल्या. गुन्हेगार ठरलेल्या मुलांच्या सुधारशाळेत जाऊन मुलांशी बोलायचं, सणावाराला खाऊ द्यायचा, इस्पितळात रोग्यांना फळं-फुलं-पुस्तकं न्यायची, हे सुरू झालं. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली. न्यायमूर्तींनी वाढवलेल्या सामाजिक परिषदेची ही बायकांची बाजू, आणि तिच्या अध्यक्ष रमाबाई. वीस वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या सभेत निवेदन वाचणारी बाई आता अख्ख्या परिषदेची अध्यक्ष होती.

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढायचं ठरवलं. एक पारशी, एक सिंधी, आणि अध्यक्ष म्हणून हव्या होत्या रमाबाई. (योगायोग असा की त्याच १९०८ साली अमेरिकेत वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी आपली पहिली सोरोरिटी काढली, अल्फा कप्पा अल्फा. ज्यांना बाकीच्या जगात प्रवेश नव्हता, त्यांनी आपलं मंडळ आधी काढलं. दोन्हीकडे गणित एकच!) पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुण्याचं सेवासदन सुरू झालं, तेही रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात. म्हणजे ज्या वाड्यात पुस्तक धरलं म्हणून एके काळी टोमणे खाल्ले, त्याच वाड्यात बायकांचे वर्ग भरू लागले.

सेवासदनात काय चालायचं? प्राथमिक शिक्षणाचे वर्ग, शिक्षिका तयार करण्याचं ट्रेनिंग, शिवणकाम, हस्तकला आणि नर्सिंग. विधवा बायकांना ससून रुग्णालयात नर्सचं शिक्षण घ्यायला पाठवणं ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती! चांगल्या घरच्या बाईने परक्या रोग्याला हात लावायचा, या कल्पनेनेच लोकांना घाम फुटायचा. आणि आपल्यासाठी विशेष गोष्ट म्हणजे बाहेरगावच्या बायकांसाठी सेवासदनने हॉस्टेल चालवली. त्यांत नर्सिंग शिकणाऱ्या होत्या आणि मेडिकलच्या विद्यार्थिनीही. शिकायला यायचं तर आधी राहायला सुरक्षित जागा हवी, हे शंभर वर्षांपूर्वी त्यांना कळलं होतं. बीड, परभणी, हिंगोलीहून इथे येणाऱ्या आमच्यासारख्या मुलींना ते वेगळं सांगायला नको.

एवढं काम एकट्या बाईने कसं केलं? तर एकट्याने केलंच नाही! रमाबाईंच्या टाइमटेबलचं खरं रहस्य हेच आहे. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर सेवासदनची व्यवस्था, हिशेब, पैसा उभा करणं ही कामं बघत. रमाबाई अध्यक्ष होत्या, पण प्रत्येक चावी आपल्याच कमरेला असली पाहिजे असा त्यांचा हट्ट नव्हता. दुसरं म्हणजे त्यांनी दिवसाचे सारखे तुकडे करून प्रत्येक संस्थेला एकेक वाटला नाही. १९०९ नंतर मधोमध सेवासदन ठेवलं आणि बाकीची कामं त्याला जोडून घेतली. आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत वारकरी बायकांच्या मदतीला जायचं, तर सेवासदनच्या स्वयंसेविका सोबत. १९१३ साली गुजरात-काठियावाडात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडे मदतीला गेल्या. एक मेन सर्किट आणि त्यातून निघालेल्या बाकीच्या लाइन, असं आपल्या भाषेत सांगता येईल. सगळ्या लाइन वेगवेगळ्या ठेवल्या असत्या तर फ्यूज उडाला असता!

मागच्या वर्षी क्लबच्या स्पर्धेसाठी आम्ही पुण्याला गेलो होतो. संध्याकाळी लक्ष्मी रोडवर सगळे खरेदीला गेले. साड्यांच्या दुकानांच्या गर्दीत मला सेवासदनची इमारत दिसली. टीममधल्या मुलांना सांगितलं तर त्यांना वाटलं एखाद्या दुकानाचं नाव असेल. दोष त्यांचा नाही. रमाबाईंवर भारत सरकारने १९६२ साली, जन्मशताब्दीला, टपाल तिकीट काढलं होतं. पण आता पत्रंच कोणी लिहीत नाही!

शेवटच्या काही वर्षांतली दोन कामं सांगून चरित्र संपवते. १९२० च्या सुमारास पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला. पैसा कमी आहे, आधी फक्त मुलग्यांना सक्ती करू, मुलींचं नंतर बघू, असा एक मोठा मतप्रवाह होता. तेव्हा पुण्याच्या रस्त्यावर बायकांचा मोर्चा निघाला आणि त्याचं पुढारपण साठीला टेकलेल्या रमाबाईंकडे होतं. आणि मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून जी चळवळ झाली, तिच्यातही त्या होत्या. १९२१ साली मुंबईच्या कायदेमंडळाने तो हक्क मान्य केला. १९२४ च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या, तेव्हा सेवासदनात हजारावर बायका शिकत होत्या.

हे सगळं पाहिल्यावर मला एक साखळी दिसते. १८८२ ची आठवड्याची सभा, तिथून १८८४ चं मुलींचं हायस्कूल. मुंबईचा लेडीज क्लब, तिथून १९०४ ची परिषद. सेवासदनचे वर्ग, तिथून ससूनमधल्या नर्स, तिथून रस्त्यावरचा मोर्चा आणि मताचा हक्क. प्रत्येक वेळी बायकांचं स्वतःचं मंडळ आधी, आणि बाहेरचा दरवाजा नंतर उघडलेला आहे.

अर्थात रमाबाईंना पाठिंबा देणारा नवरा होता, घरात पैसा होता, वाडा होता. हे सगळ्यांच्या नशिबी नसतं. त्यांच्याबरोबरच्या बायकाही बऱ्याचशा वरच्या जातींतल्या होत्या. त्याच काळात आपलं गाव निजामाच्या राज्यात होतं आणि इथल्या मुलींपर्यंत अशी शाळा पोचायला पुढे बरीच वर्षे लागली. हे मान्य करूनही साखळी खोटी ठरत नाही.

आता आपल्या हॉस्टेलची गोष्ट. मी रोबोटिक्स क्लबमध्ये आहे आणि मुलींच्या कमिटीतही आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मुलींचं गेट रात्री आठला बंद व्हायचं. वर्कशॉपमध्ये रोबोचं खरं काम सुरूच व्हायचं आठनंतर. त्यामुळे क्लबमधल्या मुलींच्या वाट्याला काय यायचं? रिपोर्ट लिहिणं, पोस्टर बनवणं आणि स्पॉन्सरला फोन करणं! गिअरबॉक्सला हात लावायची वेळ आली की आमची गेटकडे पळायची वेळ झालेली असायची. क्लबने यावर काही केलं नाही, करणारही नव्हता, कारण त्यांचं काम अडत नव्हतं. केलं ते मुलींच्या कमिटीने. सिनिअर ताईंनी मुलींच्या नावांची यादी केली, वर्कशॉपमध्ये सही करायचं रजिस्टर सुचवलं, सोबत परत यायचे गट ठरवले, पालकांची पत्रं गोळा केली आणि अर्ज दिला. तीनदा परत आला. चौथ्यांदा मंजूर झाला, साडेनऊपर्यंत. मागच्या वर्षीच्या रोबोची ड्राइव्ह चार मुलींनी जोडली आहे, हे या मॅगझिनच्या फोटोंच्या पानावर तुम्हाला दिसेल. त्या फोटोमागे ज्या पोळ्या-नळवाल्या कमिटीचे कष्ट आहेत, ती फोटोत नाही.

ही परवानगी दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. यंदा कमिटीत आम्ही तिघी उरलोय. दोघी फायनल इयरला आहेत आणि सेक्रेटरीपदाला अजून नाव आलेलं नाही. क्लबवाल्या मैत्रिणी म्हणतात की आता वेळ नाही, प्लेसमेंट आहे. त्यांचं खरं आहे. पण अर्ज करणारी कमिटीच राहिली नाही तर पुढच्या जूनमध्ये गेट पुन्हा आठला बंद होईल आणि फर्स्ट इयरच्या मुली पुन्हा पोस्टर रंगवत बसतील.

म्हणून मी दोन्ही ठिकाणी राहणार आहे. क्लबमध्ये मी यंदा मॅनेजरपद घेतलेलं नाही, फक्त कंट्रोलचं काम घेतलंय. कमिटीतले हिशेब दुसरीला दिलेत. गॅदरिंगमधून या वर्षी नाव काढलं आहे, तेही उघड सांगून. रमाबाईंच्या मानाने हे टाइमटेबल अगदीच किरकोळ आहे, पण सबमिशन सांभाळून एवढं जमतं.

मैत्रिणींनो, कमिटीची मीटिंग दर गुरुवारी रात्री जेवणानंतर खालच्या टीव्ही रूममध्ये असते. पाऊण तासाच्या वर चालत नाही. गप्पा मारायला आलात तरी चालेल. सेक्रेटरीपदासाठी नावं या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारपर्यंत द्यायची आहेत, आणि फर्स्ट इयरच्या मुलींनी आपण ज्युनिअर आहोत म्हणून मागे राहू नये. गेटचा अर्ज लिहायला बसायचंय. येताना पेन आणा!